फिक्सरचा वास

फिक्सरचा वास आंबट असतो. आंबट म्हणावा तर तोंडाला पाणी सुटत नाही, उग्र म्हणावा तर डोळे चुरचुरत नाहीत; तो नाकातून शिरतो, टाळूच्या मागे कुठेतरी बसून राहतो, आणि मग दुसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडताना, एसटीच्या खिडकीशी डुलकी लागताना, पहाटे कूस बदलताना अवचित पुन्हा भेटतो. बोटांच्या पेरांत तो सगळ्यात जास्त मुरतो. साबणाने जात नाही, लिंबाने जात नाही. मी साइटवरून घरी आलो की आई दारातच म्हणायची, ‘‘अरे, ताक आंबल्यासारखा वास येतोय तुझ्या अंगाला. आधी आंघोळ कर.’’ आणि न्हाणीत तांब्यावर तांब्या ओतून घेताना मला मनातून मात्र वाटत राहायचं, की सगळा जाऊ नये. थोडा राहावा.

का वाटायचं, ते तेव्हा सांगता आलं नसतं. कामाच्या धबडग्यात माणूस वासाचा विचार करत नाही. आता निवृत्तीनंतरच्या लांबट दुपारी, घर झोपलेलं असताना, तो वास नुसत्या आठवणीनेच नाकाशी येतो आणि त्याच्यामागून एकेक रात्र हलके हलके उलगडत जाते.

आमचं काम वस्तूच्या आत बघण्याचं. ती न मोडता, न कापता, तिच्यावर ओरखडाही न उठवता. त्याला मोठी नावं आहेत, पण साइटवर ‘एनडीटी’ एवढंच चालतं आणि आम्ही ‘एनडीटीवाले’. लोखंड बाहेरून सगळं सारखंच दिसतं, घासलेलं, रंगवलेलं, उन्हात चकाकणारं. त्याच्या पोटात काय आहे ते विचारायच्या रीती मात्र निरनिराळ्या. कुठे लाल डाय लावून, पुसून, वर पांढरं डेव्हलपर फवारायचं आणि भेगेत शिरलेला लाल रंग वर उमटतो का, हे बघत डोळे लावून बसायचं. कुठे लोखंडात चुंबकत्व भरून, अंधारात, जांभळ्या दिव्याखाली हिरवी चमकणारी रेघ शोधायची. कुठे ग्रीस चोपडून त्यावरून प्रोब फिरवायचा आणि पोलादातून सेकंदाला जवळपास सहा किलोमीटर वेगाने धावणारा, कुणाच्याच कानाला कधी न ऐकू येणारा आवाज पलीकडच्या भिंतीवर आपटून परत येतोय का, ते पडद्यावरच्या रेघेत बघायचं. उसाचा हंगाम संपला की साखर कारखान्यांतून बोलावणं यायचं. गप्प पडलेल्या मिलचे शाफ्ट, उघडे पडलेले बॉयलरचे ड्रम, मळीचा गोडसर कुबट वास, आणि बाष्पके संचालनालयाचे साहेब येण्याआधी रिपोर्ट तयार ठेवायची घाई. हे सगळं मी केलं, मन लावून केलं. पण जीव जडला तो रेडिओग्राफीवर. आणि रेडिओग्राफी म्हणजे रात्र, आणि रात्रीच्या शेवटी फिक्सर.

दिवस वेल्डरांचा, रात्र आमची. संध्याकाळी जनरेटर बंद पडायचे, ग्राइंडरचा किंचाळा थांबायचा, मजुरांच्या चुली पेटायच्या, आणि शेतातून गेलेल्या लांबच लांब चरावर, लाकडी ओंडक्यांवर टेकवलेला पाइप हळूहळू गार होत जायचा. मग आमचा टेम्पो निघायचा. कॅमेरा, केबल, शिशाचे आकडे, काळ्या कॅसेटी, लाल-पांढऱ्या फितीची गुंडाळी, लुकलुकणारे दिवे. कॅमेरा म्हणायचा, पण त्याला भिंग नाही. शिशाहूनही जड अशा युरेनियमच्या कवचाचा तो एक ठोकळा. एका हाताने उचलतो, पण दहा पावलांवर हात बदलावा लागतो. त्याच्या पोटात, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्यांमध्ये, इरिडियम. तोच आमचा ‘सोर्स’. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तापून निघालेलं, वाशीच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेतून कागदपत्रांच्या चळतीसह आमच्या हवाली झालेलं.

फिल्म सांध्याला बांधायची. वर शिशाचे आकडे लावायचे, पाइपाचा, सांध्याचा, वेल्डरचा. बारीक बारीक तारांची पट्टी ठेवायची, म्हणजे उद्या फिल्मवर ती ठरावीक तार दिसली तरच चित्राला खरं मानायचं. कॅसेटीच्या मागे शिशाचं एक ‘बी’ अक्षर. ते पांढुरकं होऊन फिल्मवर उमटलं तर मागून किरण परतले असं समजायचं आणि फिल्म बाजूला टाकायची. मग फीत ताणायची, दिवे लावायचे, चारी दिशांना हाका घालायच्या. शेवटी केबलच्या टोकाशी जाऊन क्रँक फिरवायची. कर्र... कर्र... कर्र. सोर्स कवचातून निघून नळीतून सांध्यापाशी पोचला, की हाताला अगदी हलकासा अडसर जाणवतो.

आणि मग काहीच होत नाही.

हे ‘काहीच न होणं’ मी कसं सांगू? पाइपाच्या त्या टोकाला, अंधारात, माणसाला भाजून काढू शकेल असं काहीतरी उघडं पडलेलं असतं, आणि त्याला ना उजेड, ना आवाज, ना ऊब, ना वास. ज्वारीच्या ताटांवरून वारा तसाच जातो. रातकिडे तसेच ओरडतात. दूर कुठेतरी कुत्रं भुंकतं. हातातल्या मीटरचा काटा तेवढा वर चढून थरथरत असतो, आणि त्या काट्यावरच विश्वास ठेवायचा असतो, डोळ्यांवर नाही, कानांवर नाही. नव्या पोरांना पहिल्या रात्री हेच जड जातं. त्यांना काहीतरी दिसावं असं वाटत असतं. मला तर पुढेही कित्येक वर्षं वाटायचं.

त्या थांबण्याला आम्ही ‘एक्स्पोजर’ म्हणायचो, आणि त्या थांबण्याची लांबी सोर्सच्या वयावर असायची. इरिडियम ७४ दिवसांत निम्मं होतं. १४८ दिवसांत पाव. नवा सोर्स आला की शॉट चटकन उरकायचे, केबलपाशी उकिडवं बसतोय न बसतोय तोच उठायची वेळ व्हायची. पण पावसाळ्यात आलेला सोर्स थंडीपर्यंत चालवायचा असला, तर तोच सांधा, तोच पाइप, आणि थांबणं चौपट. त्या लांबलेल्या मिनिटांत मी आकाश बघायला शिकलो. मृग कधी वर येतो, कृत्तिका कुठल्या बांधावर उतरतात, हे मला पंचांगाने शिकवलं नाही, म्हाताऱ्या होत चाललेल्या सोर्सने शिकवलं. कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. मदतनीस पोरगा फितीच्या पलीकडच्या टोकाला, मी या टोकाला, मधे अंधार आणि त्या अंधारात कुणी येऊ नये एवढीच एक काळजी. ती काळजी रात्रभर अंगावर पांघरलेली असायची.

एकदा दाभोळहून बंगळुरूकडे वायू नेणाऱ्या लाइनवर घाटमाथ्याला होतो. दिवाळी होऊन गेली होती. पहाटेचा शेवटचा शॉट, थंडीने बोटं वाकडी झालेली, आणि एकाएकी अंधारातून घुंगरांचा आवाज. धनगरांचा वाडा कोकणात उतरत होता. पुढे घोडी, घोडीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेलं एक झोपलेलं पोर, आणि मागे काळोखातून वाहत येणारी मेंढरं. मेंढराला फीत कळत नाही, दिवा कळत नाही. मी ओरडलो, ‘‘मामा, थांबवा! जरा थांबवा!’’ आणि थांबतात की नाही हे बघायच्या आत क्रँक उलटी फिरवत सुटलो. सोर्स कवचात परत आला, मीटरचा काटा खाली बसला, मीटर पुढे धरून कॅमेऱ्यापर्यंत चालत गेलो, खात्री केली, आणि तेव्हा कुठे श्वास सोडला. म्हातारा धनगर काठी आडवी धरून कळपापुढे उभा होता. त्याने काही विचारलं नाही, आधी थांबला. त्याचं ते विचारण्याआधी थांबणं मला फार भावलं.

मग शांतपणे म्हणाला, ‘‘काय करताय पावणं, एवढ्या रातीचं?’’

मी जमेल तसं सांगितलं. पाइपाच्या आतलं बघतोय, जोड नीट झालाय का ते.

‘‘म्हंजी वरनं बघून आतलं कळतंय व्हय?’’ त्याने पाइपावर पंजा ठेवला. दवाने भिजलेल्या त्या गार लोखंडावर तो पंजा थोडा वेळ तसाच राहिला. ‘‘आमाला बी कळतंय. मेंढी गाभण हाय का न्हाय, हात फिरवला की कळतंय. पर हे लोखांड हाय. हे लई गप असतंय.’’

मेंढरं गेली. कितीतरी वेळ जात होती. त्यांच्या लोकरीचा ओलसर उबदार वास हवेत राहिला, आणि मी राहून गेलेला शॉट पुन्हा पहिल्यापासून घेतला.

लई गप असतंय. त्या गप्प लोखंडाची, आणि त्याहून गप्प असलेल्या त्या किरणांची अशी सबंध रात्र काढून, पहाटे चारच्या सुमाराला मी डार्करूममध्ये शिरायचो. डार्करूम म्हणजे टेम्पोच्या हौद्यावर उभी केलेली प्लायवूडची खोली, आतून काळी, दाराला दुहेरी पडदा. आत एक मंद लाल दिवा आणि ओळीने टाक्या. डेव्हलपर, स्टॉप बाथ, फिक्सर, पाणी. डेव्हलपरला २० अंश सेल्सिअस लागतं. मराठवाड्यातल्या एप्रिलच्या रात्री २० अंश आणायचे कुठून? तालुक्याच्या गावी जाऊन रसवंतीवाल्याकडून बर्फाची लादी घ्यायची, गोणपाटात गुंडाळून आणायची, फोडून टाकीच्या बाहेरून रचायची. तो वितळणारा बर्फ, भिजलेलं गोणपाट, आणि या सगळ्यावर तरंगणारा तो आंबट वास. पडदा सारून आत पाऊल टाकलं की तो अंगावर यायचा, आणि माझे खांदे आपोआप खाली यायचे.

आता कळतं, का ते. रात्रभर ज्याच्याशी गाठ होती त्याचा माझ्या एकाही इंद्रियाला पत्ता लागलेला नसायचा. डोळे, कान, नाक, कातडी, सगळी उपाशी. आणि मग हा वास. रात्रीतली पहिली गोष्ट, जी मीटरला न विचारता माझी मला कळायची. सोर्स कवचात आहे, कुलूप लागलंय, पोरगं टेम्पोपाशी चहा उकळतंय, कुणाला काही झालेलं नाही. आता फक्त बघायचं.

फिल्म कॅसेटीतून काढायची ती चाचपूनच. कडांना धरून, मधल्या भागाला बोट न लावता, हँगरच्या चिमट्यांत अडकवायची आणि डेव्हलपरमध्ये सोडायची. पाच मिनिटं. मधूनमधून हँगर हळूच हलवायचा. लाल उजेडात आधी काहीच दिसत नाही, मग कडेचे शिशाचे आकडे फिकट उमटतात, मग सांध्याचा पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या अगदी मधोमध रूटची रेघ. पहिल्या पासाची. ती नीट उतरली असेल तर बाकीचं बहुतेक नीट असतं. पण लाल उजेडात निकाल द्यायचा नसतो. बाहेर काढून निथळायची, स्टॉप बाथ, मग फिक्सर. फिक्सरमध्ये फिल्म हळूहळू स्वच्छ होत जाते, तिच्यावरचा दुधट पडदा विरघळून जातो आणि जे आहे ते राहतं.

माझ्या मते साऱ्या कामातला सगळ्यात सुंदर क्षण हाच. रिपोर्ट नाही, सही नाही. तो दुधट पडदा निघून जाण्याचा क्षण.

व्हर्त्सबुर्गला १८९५च्या नोव्हेंबरमध्ये राँटगेनला हे किरण सापडले. त्याच्या बायकोच्या हाताचं, अंगठीसकटचं चित्र सगळ्या जगाला ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकात ते असतं. पण त्याच पहिल्या निबंधात त्याने एका धातूच्या तुकड्याचाही उल्लेख केलाय, ज्याच्या आतला विस्कळीतपणा या किरणांनी दिसून आला होता. म्हणजे दवाखान्यातला एक्स-रे आणि आमचं काम एकाच महिन्यातली भावंडं. त्याने या शोधाचं पेटंट घेतलं नाही. हे वाचलं तेव्हापासून त्या माणसाबद्दल मला घरच्या वडीलधाऱ्यासारखी माया वाटत आली आहे.

फिल्म वाळली की व्ह्यूअरवर चढवायची. त्या तीव्र पांढऱ्या उजेडात लोखंड आपलं पोट उघडून दाखवतं. स्लॅग अडकला असेल तर वेडावाकडा काळा डाग. हवेचे बुडबुडे राहिले असतील तर गोल काळे ठिपके. टंगस्टनचा कण पडला असेल तर एकदम पांढरा बिंदू, कारण तो पोलादाहून दाट. रूट पूर्ण उतरला नसेल तर मधोमध सरळ, धारदार काळी रेघ. आणि भेग? ती केसाहून बारीक, जरा अडखळत, नागमोडी जाणारी. पुष्कळदा तर दिसतच नाही, किरण तिच्या अंगाला समांतर गेले तरच दिसते. कोडमध्ये, म्हणजे आमच्या नियमांच्या पुस्तकात, स्लॅगला, ठिपक्यांना थोडीफार माफी आहे, लांबी-रुंदी मोजून. भेगेला जवळजवळ नाहीच. आणि ते बरोबर आहे. बाकीचे दोष जिथे आहेत तिथे बसून राहतात. भेग वाट बघत असते.

बघता बघता फिल्मवरून माणूस ओळखू यायला लागतो. मी ज्यांना दिवसा कधी पाहिलेलं नाही अशा वेल्डरांचे हात मला ठाऊक होते. एकाचा रूट अगदी एकसारखा, जणू श्वासही न घेता ओढलेला. एकजण खालच्या बाजूला, जिथे उताणं पडून वेल्डिंग करावं लागतं, तिथे घाई करायचा. एकाच्या सांध्याला सकाळी काही दोष नसायचा आणि दुपारी चारनंतर ठिपके यायचे. रॉड भट्टीत ठेवायचा कंटाळा.

वेल्डर सहसा आमच्याकडे येत नाहीत. तपासणारा आणि घडवणारा यांच्यात एक अंतर असतं, त्यात थोडा राग असतो, आणि तो समजण्याजोगा आहे. आम्ही ‘रिपेअर’ लिहिलं की त्याची दिवसभराची मेहनत ग्राइंडरखाली जाते. पण मिरजेकडचे एक वयस्क वेल्डर होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. एका पहाटे ते पडद्याबाहेर येऊन उभे राहिले. झोप लागली नव्हती म्हणाले. ‘‘साहेब, माझा सांधा बघू का जरा?’’

मी फिल्म व्ह्यूअरवर लावली. त्यांनी चष्मा कुडत्याच्या टोकाला पुसला, अगदी जवळ वाकले. सांधा देखणा होता. रूट शांत, कडा स्वच्छ. फक्त एका ठिकाणी, पट्टीच्या आकड्यांच्या मधे, एक छोटी काळी रेघ. मी काही बोललो नाही. त्यांनीच तिच्यावर नखाचं टोक धरलं, फिल्मला न लावता, वरच्या हवेत.

‘‘इथं माझा रॉड संपला होता,’’ ते म्हणाले. ‘‘नवा लावला आणि तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. तवाच मनात आलं होतं.’’

मी पुन्हा बघितलं. रेघ लहान होती, मोजली असती तर कदाचित कोडच्या आत बसलीही असती. मी पट्टी हातात घेतली. चाचांनी माझ्या हातातून ती पट्टी हळूच काढून टेबलावर ठेवली.

‘‘मोजू नका. मला ठाऊक आहे ना, ती आहे म्हणून. रिपेअर लिहा. सकाळी काढून परत भरतो.’’

मग दोघांनी मिळून चहा घेतला. ते त्यांच्या नातवाबद्दल बोलत होते, जो कॉलेजात जातो आणि ज्याने वेल्डिंगला हात लावू नये असं त्यांना वाटायचं. मी ऐकत होतो. पण माझ्या डोळ्यांपुढे ते हवेत धरलेलं नख होतं. इतक्या मीटर पाइपात, इतक्या सांध्यांत, एका रॉडच्या टोकाशी आलेली एक झुळूक त्यांना आठवत होती. त्या पहाटेपासून माझ्या मनातला तो जुना दुरावा गेला. फिल्म माणसावर संशय घेण्यासाठी काढतात असं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

याच्या उलटही पाहिलं. एका कामावर फिल्मांचा गठ्ठा हातात आला आणि बघता बघता अंगावर काटा आला. तीन वेगळ्या आकड्यांच्या सांध्यांना एकच रूट होता. तीच लहर, तोच ठिपका, त्याच जागी. म्हणजे एकच चांगला सांधा तीनदा काढून तिघांची नावं लावलेली. दोन माणसांचे सांधे असे जुळत नाहीत, कधीच नाहीत. ज्या दोन सांध्यांची फिल्म काढलीच नव्हती ते कुठल्या तरी शेताखाली पुरले जाणार होते, आणि वर कुणीतरी हरभरा पेरणार होतं. ते सगळे सांधे मी पुन्हा उघडायला लावले. त्यावर बरीच बोलाचाली झाली. ती मला आज आठवतही नाही. ते तीन सारखे रूट आठवतात.

घरी मात्र यातलं काही पोचायचं नाही. घरी पोचायचा तो वास, आणि छातीवरचा टीएलडी बॅज. काळ्या डबीत तीन छोट्या तबकड्या. दर तीन महिन्यांनी तपासायला जायच्या आणि आकडा परत यायचा, आमच्या अंगाने किती किरण घेतले त्याचा. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, ही हद्द. आकडे नेहमी खूप खाली असायचे. तरी बायको तो कागद घेऊन खिडकीपाशी जायची, बोटाने ओळ धरून माझं नाव शोधायची, आकडा वाचायची, आणि काही न बोलता कागद डब्यात ठेवायची. तिने कधी विचारलं नाही, भीती वाटत नाही का म्हणून. मीही सांगितलं नाही, की वाटते, आणि वाटते म्हणूनच सगळं ठीक चाललंय. दर शॉटनंतर मीटर पुढे धरून कॅमेऱ्यापर्यंत चालत जायचं, सोर्स परतला आहे हे बघायचं, पुन्हा बघायचं. भीतीचं हे चालत जाणं मी शेवटच्या दिवसापर्यंत सोडलं नाही.

आता साइटवर फिल्म कमी होत चालली आहे. किरण थेट पॅनेलवर झेलले जातात, चित्र लॅपटॉपवर येतं, मोठं करून बघता येतं. पुष्कळ ठिकाणी तर किरणांची गरजच उरलेली नाही. फेज्ड अॅरेचा प्रोब सांध्याभोवती फिरतो आणि सांध्याच्या आतले थर रंगांत उमटतात, भर दिवसा, शेजारी वेल्डर काम करत असताना. फार चांगलं झालं. मनापासून म्हणतो. ज्या कामात फीत ताणावी लागत नाही, ते काम फीत ताणाव्या लागणाऱ्या कामापेक्षा नेहमीच चांगलं. मला फक्त एका माणसाची आठवण येते, सायकलला दोन कॅन बांधून यायचा आणि आमचा वापरलेला फिक्सर विकत घ्यायचा. फिल्मवरून विरघळलेली चांदी त्यात असते. तो ती काढायचा. इतक्या रात्रींच्या अंधारातून शेवटी मूठभर चांदी निघायची आणि ती कुणाच्या तरी पैंजणात, जोडव्यात जाऊन बसायची. किती सुंदर होतं हे. हा माणूस आता काय करत असेल?

मोठ्या जाडीच्या सांध्यांना, अडचणीच्या जागांना अजून सोर्स लागतोच. अजून कुठेतरी रात्री फीत ताणली जाते, क्रँक फिरते. म्हणून तुम्ही इथवर सोबत आलात, तर एकच मागणं मागतो.

पेरूमध्ये यानांगो नावाच्या जलविद्युत प्रकल्पावर १९९९ साली एका वेल्डरला जमिनीवर पडलेला धातूचा एक लहानसा तुकडा दिसला. कॅमेऱ्यातून सुटलेला इरिडियमचा सोर्स होता तो. त्याला ठाऊक नव्हतं. त्याने उचलला, खिशात टाकला, काम केलं, घरी गेला. त्याचा पाय कापावा लागला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. लोखंडाच्या कामात वाढलेला माणूस खाली पडलेला तुकडा उचलतोच. चुकलं ते मीटर घेऊन चालत न जाणाऱ्याचं.

तेव्हा रात्री कुठे रस्त्याकडेला, कारखान्याच्या कुंपणाशी, शेतातून जाणाऱ्या पाइपापाशी लाल-पांढरी फीत आणि लुकलुकता दिवा दिसला, पिवळ्यावर काळ्या तीन पात्यांचं चिन्ह दिसलं, तर फीत वाकवून पलीकडे जाऊ नका. घाई असली तरी नको. पोरं सोबत असली तर त्यांचा हात धरा. अशा जागी अनोळखी, चकचकीत, धातूचं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका, मागे सरा आणि तिथल्या माणसाला हाक मारा. तो अंधारातून धावत येईल, आणि तुम्हाला जायला सांगेपर्यंत थोडा वेळ लागेल. तेवढा थांबा.